आगोटीआधी (पावसाळा लागण्याआधी) कामाला लागा : कोकणात अन्नमदतीचं काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

कोकणात कोण उपाशी राहतं, असं घाटावरचे पाहुणेच विचारतात असं नाही, इथल्या कॉलेजातली मुलंही विचारतात. दारात माड, परसात फणस, समोर समुद्र. पण जूनच्या मध्याला मिरकरवाड्याच्या नाहीतर हर्णैच्या बंदरावर एक चक्कर मारून या. नौका ओढून, झापांनी नि ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. लिलावाच्या जागेवर कुत्री झोपलेली असतात. मार्चमध्ये तिथे कोलंबी निवडायला बसणाऱ्या पन्नासेक बायका आता कुठे आहेत नि काय खातायत, हे कुणी विचारत नाही. त्याही सांगत नाहीत. इथली भूक भीक मागायला रस्त्यावर येत नाही, दार लोटून घरात बसते. त्यामुळे शहरातल्यासारखं टेम्पो भरून चौकात उभं राहिलात तर पिशव्या संपतील, पण ज्यांच्यासाठी आणल्या ते येणार नाहीत.

एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजनेतून) येत असाल किंवा वाडीच्या मंडळातून किंवा चार मैत्रिणी मिळून काही करायचं ठरवलं असेल, पहिल्या वर्षी काम साधारण पुढच्या क्रमाने करा.

पहिली पायरी : भुकेचं पंचांग मांडा

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि त्यावर आपल्या तालुक्यातली कामं नि बेकारी लिहून काढा. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदी माशांच्या विणीसाठी आहे आणि ती हवीच. पण ज्याची नौका आहे त्याच्या गाठीला काहीतरी असतं. जिच्याकडे नुसती मासळीची पाटी आहे, किंवा जी रोजावर मासळी निवडते, सुकवते, तिची मजुरी त्या दिवसापासून बंद. कागदावर १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो, पण समुद्र शांत नसला तर पुष्कळ जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. शिवाय शाळा उघडतात १५ जूनच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घरात मजुरी नाही आणि पोरांना शाळेतली खिचडीही नाही.

वरच्या वाड्यांचं गणित निराळं. भातलावणीला हातांना काम असतं, त्यामागोमाग थोडी बेणणी (निंदणी), आणि मग कापणीपर्यंत काही नाही. घरचा भात श्रावणात तळाला जातो. आगोटीला बेगमी करून ठेवायची रीत आहे खरी, पण बेगमीला एप्रिल-मेमध्ये हातात पैसा लागतो.

रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कातकरी वाड्या आहेत. तिथली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) आधीच घेऊन. पावसाच्या तोंडाला परततात तेव्हा हिशेबात बहुतेक काही उरलेलं नसतं. या लोकांची कागदपत्रं करायची तर तीही याच महिन्यांत. डिसेंबरात गेलात तर वाडीत म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील.

हापूसच्या बागांतले नेपाळी राखणदार आणि नौकांवरचे परप्रांतीय खलाशी हंगामापुरते असतात. हंगाम बुडाला, मालकाने हिशेब लांबवला की तेही अडकतात, म्हणून तेही या पंचांगात हवेत.

आता याच्या शेजारी कॉलेजचं वेळापत्रक लावा. मार्च ते मे परीक्षा, जूनमध्ये प्रवेश. स्वयंसेवकांची नवी तुकडी उभी राहते तोवर जुलै-ऑगस्ट उजाडतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा तुम्ही ओळखपत्राचे फोटो काढत असता. याला उपाय एकच. यादी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी मार्चच्या आत करून ठेवायची, मेमधली जमवाजमव आणि जूनचं वाटप त्यांनीच करायचं, आणि नव्यांनी ऑगस्टपासून कागदपत्रांचं काम उचलायचं.

दुसरी पायरी : यादी, पण फॉर्म न घेता

हातात क्लिपबोर्ड नि गळ्यात ओळखपत्र घालून कुणाच्या पडवीत जाऊ नका. लोक तुम्हाला बँकेचे किंवा सर्वेक्षणाचे समजतील आणि सगळं छान आहे म्हणतील. आधी गावात ज्यांना घराघरातलं माहीत असतं त्यांना भेटा : अंगणवाडी सेविका, आशाताई, पोस्टमन, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि किराणा दुकानदार. दुकानदाराची उधारीची वही तुम्हाला बघायला मिळणार नाही, मिळूही नये. पण ‘हल्ली पाव किलोवर कोण आलंय’ एवढं तो सांगतो.

सगळ्या वाड्यांत जा. कोळीवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी, कातकरवाडी, डोंगरावरचा धनगरवाडा. स्वयंसेवक बहुतेक रस्त्यालगतच्या वाड्यांतले असतात, म्हणून यादीही रस्त्यालगतचीच होते.

घरी गेल्यावर ‘जेवायला पुरतं का?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं : “आमाला काय कमी नाय गो बाय.” आणि हे सांगताना आजी तुमच्यासाठी चहा टाकते. तो प्या. कोरा असेल, साखर कमी असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. मग इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारा : सकाळी पेज की भाकरी? बाजाराला शेवटचं कधी गेला होतात? गॅसची टाकी कधी आणली? मुंबईहून मुलगा काय पाठवतो का? (हे शेवटचं जपून. पुष्कळ घरांत मुलगा पाठवत नाही, आणि त्याची बदनामी होऊ नये म्हणून आई उपाशी राहील.) घरातून निघाल्यावर, गडगा (आवाराचं दगडी कुंपण) ओलांडल्यावरच वहीत लिहा.

यादीत आणखी दोन ठिकाणं घाला. एक, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं. लांबच्या तालुक्यातून आलेल्या रुग्णाला जेवण मिळतं, त्याच्याजवळ बसलेल्या माणसाला नाही. दुसरं, तुमचाच वर्ग. खोली घेऊन राहणारी, दुपारी ‘भूक नाही’ म्हणत वाचनालयात बसणारी मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत. त्यांच्याशी बोलायला त्यांच्याच बरोबरीचं कुणीतरी लागतं, सर नकोत.

तिसरी पायरी : पिशवीआधी रेशनकार्ड

या पायरीचा कंटाळा येतो, कारण यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण माझं मत विचाराल तर वर्षातला निम्मा वेळ इथेच द्यावा. तुमची पिशवी फार तर पंधरा दिवस पुरते. सुरू झालेलं कार्ड दर महिन्याला धान्य देतं.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं तसंच ठेवल्याचं केंद्राने जाहीर केलं आहे. निराधार विधवा, अपंग, एकटे वृद्ध आणि कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींची कुटुंबं अंत्योदयच्या निकषांत येतात. हे सगळं असूनही यादीतल्या घरांत धान्य का येत नाही, ते एकेका घरी बसून शोधावं लागतं. कारणं साधारण ही निघतात.

अंगठा उठत नाही. वर्षानुवर्षं बर्फात नि मिठात काम केलेल्या कोळणीच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र वाचत नाही. अशा वेळी दहाही बोटं एकेक करून लावून बघायला सांगा, बोट धुऊन, पुसून. तरी जमलं नाही तर वृद्ध-अपंगांसाठी नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य उचलणारं माणूस, नेमायची सोय असते, तिचा अर्ज करा. ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) राहिली असेल तर ती मोबाइलवर चेहऱ्यावरूनही करता येते. यासाठी स्मार्टफोन आणि पाच मिनिटं लागतात, आणि नेमक्या या दोन गोष्टी तुमच्याकडे आहेत.

नाव भलत्याच ठिकाणी आहे. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नाही, म्हणून सासरी चढलेलं नाही. किंवा आईचं नाव मुंबईतल्या मुलाच्या कार्डावर, आणि आई गावाला एकटी. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे कार्ड कुठल्याही दुकानात चालतं, एकाच कार्डावर काही धान्य मुंबईत आणि उरलेलं गावात उचलता येतं. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. मुलाला फोन लावा आणि आईचा वाटा गावासाठी ठेवायला सांगा. फोन आजीच्या समोर, तिला विचारूनच लावायचा.

रेंज नाही. धनगरवाड्यावरची माणसं दोन तास चालून येतात आणि मशीन बंद म्हणून परत जातात. दुकानदाराशी बोलून वाडीनिहाय दिवस ठरवून घेता येतो. तेवढ्याने पुष्कळ हेलपाटे वाचतात.

इष्टांक संपलाय. तालुक्याच्या पुरवठा शाखेत हे उत्तर हमखास मिळतं, आणि ते खोटंच असतं असं नाही, कारण प्रत्येक तालुक्याला लाभार्थ्यांची मर्यादा ठरवून दिलेली असते. तरीही अर्ज लेखी द्या, दोन प्रती घेऊन जा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नावं कमी होतात तेव्हा जागा होते, आणि तेव्हा ज्याचा अर्ज आत आहे त्याचाच विचार होतो. गावात रेशनसाठी दक्षता समिती असते. तिच्या सदस्यांची नावं ग्रामपंचायतीत विचारून घ्या. तक्रारीसाठी १९६७ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

याच फेरीत संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे अर्जही बघून घ्या. महिन्याला १५०० रुपये (अपंगांना २०२५ पासून २५००) फार नाहीत, पण डाळ, तेल, औषध त्यातूनच येतं. गाडं बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतं. त्यासाठी तलाठी आणि सेतू केंद्र, दोन्हीकडे माणसासोबत जावं लागतं. नुसतं ‘आजी, सेतूत जा’ म्हणून काही होत नाही.

आणि एक सक्त नियम : कुणाच्या आधारकार्डाचा नि रेशनकार्डाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. मूळ कार्ड ‘उद्या आणून देतो’ म्हणून घरी न्यायचं नाही.

चौथी पायरी : पिशवीत काय घालायचं

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. कष्टकरी माणसाला ते पुरत नाही हे खरं, पण रेशनमधून जे येतं ते तांदूळ-गहूच. म्हणून ज्या घरात कार्ड चालू आहे तिथे आणखी दहा किलो तांदूळ टाकण्यात हशील नाही. तिथे कमी असते ती भाताबरोबरची कालवणाची वस्तू. आमच्याकडे उपाशी घर ओळखायचं ते भात नि मीठ यावरून.

तेव्हा पिशवी अशी भरा : कुळीथ किंवा कुळथाचं पीठ (दहा मिनिटांत पिठी होते आणि गॅस वाचतो), मूगडाळ, गोडं तेल, मीठ, मिरची पूड किंवा बचत गटाचा मसाला, आमसुलं, कांदे, लसूण, चहापूड, गूळ, काडेपेटी, अंगाचा नि कपड्याचा साबण. दात नसलेल्या माणसांसाठी पोहे आणि नाचणीचं पीठ. सुकट-जवळा द्यायला हरकत नाही, उलट लोकांना तो हवाच असतो, पण माळकरी घरं असतात, म्हणून विचारून आणि वेगळ्या पाकिटात. ज्या घरात कार्डच नाही तिथे तांदूळ द्या, भरपूर द्या. बिस्किटांचे पुडे आणि नूडल्स देणगीत आले तर शाळेच्या सहलीला ठेवा.

पावसाळ्यात सगळं भिजतं, जे भिजत नाही त्याला बुरशी येते. पीठ एका वेळी किलोच्या वर देऊ नका. सामान ठेवायची खोली मिळाली तर पोती जमिनीला नि भिंतीला टेकू देऊ नका, खाली फळ्या टाका. झाकणाचे प्लास्टिकचे पिंप मिळाले तर उत्तम, उंदरांपासूनही सुटका. गूळ पाझरतो, तो नेहमी वेगळा.

जमवाजमव मेमध्ये. तेव्हा चाकरमानी गावात असतात, गावकीच्या बैठका होतात, आंब्याचा पैसा फिरत असतो. वाडीच्या मुंबई मंडळाला मेमध्ये गाठलंत तर ते जूनचं सामान उचलतात. गणपतीत विचारलंत तर मखराच्या खर्चातून काही उरलेलं नसतं. पैसे कॉलेजच्या किंवा मंडळाच्या खात्यात, पावतीने. स्वतःच्या नंबरवर यूपीआय मागू नका, हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

पाचवी पायरी : शिजवलेलं अन्न घ्यावं का?

लग्नातलं उरलेलं वाटायचं, ही कल्पना प्रत्येक नव्या गटाला सुचते. किनाऱ्यावर मी याबद्दल कडक आहे. आपल्याकडे लग्नं एप्रिल-मेमध्ये, हवा दमट, आणि निम्म्या पदार्थांत ओल्या खोबऱ्याचं वाटण. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. कोमट ठेवलेल्या भातात एक विष तयार होतं, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून पंगत उठल्यावर येणारा फोन घेऊच नका. पंगतीआधी केटररशी बोलून, पातेल्यातलं न वाढलेलं अन्न वेगळं काढून ठेवायला सांगा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत पोचेल अशा ठिकाणीच न्या. वरण, सुक्या भाज्या, पोळ्या, बुंदी चालेल. वाटणाची आमटी, मासळी, दही, कढी नको. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ चे नियम आहेत. काय आणलं, कुठून, किती वाजता, कुणाला दिलं याची नोंद ठेवा.

त्यापेक्षा स्वतः शिजवा. रुग्णालयाबाहेर नातेवाइकांसाठी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मुगाची खिचडी, एवढंच. मापाला शाळेच्या पोषण आहाराचा सहावी ते आठवीचा आकडा धरा : माणशी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ. शंभर माणसांना १५ किलो तांदूळ, ३ किलो डाळ. मोठ्या माणसांसाठी डाळ मी यापेक्षा जास्तच घालते. शिजवायला शाळेच्या ताईंना मजुरी देऊन बोलवा. पहिल्यांदा मोठ्या टोपाखाली आग धरणाऱ्या मुलांची खिचडी खाली करपते आणि वर कच्ची राहते.

सहावी पायरी : देणं

रांग नको, बॅनर नको, फोटो तर नाहीच. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर भरलेल्या पिशव्यांचा फोटो द्या, किराण्याचं बिल द्या. सगळ्यांत चांगली पद्धत दुकानदारामार्फत. घरातल्या बाईने दुकानात जायचं, ‘तुमच्या नावाचं सामान आलंय’ म्हणून त्याने द्यायचं. शेजारणीला वाटतं उधारी. हे जमलं नाही तर दोघांनी जायचं, त्यातलं एक त्याच वाडीतलं. दुपारी दीड-दोनला, वाडी आडवी झालेली असते तेव्हा.

लांबच्या वाडीत जाताना परतीची एसटी आधी बघा. पावसात साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली जातो, गाडी अलीकडेच थांबते, आणि वस्तीची गाडी सकाळीच सुटते. मुलींच्या घरी किती वाजता पोचणार ते सांगून निघायचं, सरांनाही आणि आईलाही.

एखादं मूल फार किरकोळ दिसलं तर स्वतः डॉक्टर होऊ नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, आणि त्याला उपचार लागतात, खाऊ नव्हे. मोजायची पट्टी सेविकेकडे असते. तिला सांगा, आशाताईंना सांगा, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. अंगणवाडीतलं टीएचआरचं (घरी न्यायच्या आहाराचं) पाकीट घरी येतंय का, तेही त्याच वेळी.

पूर-वादळात वरचं सगळं बाजूला ठेवायचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा चुली, गॅस, भांडी सगळं चिखलात होतं. अशा घरात कोरडा तांदूळ देऊन काय करणार? पहिले दिवस पिण्याचं पाणी, शिजवलेलं अन्न, कोरडं खाणं, मेणबत्त्या. शिधा चूल पेटल्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे कित्येक गावांत वीज नि फोन दिवसेंदिवस नव्हते, म्हणजे ऑनलाइन यादी असूनही उपयोग नाही. यादीची कागदी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन ठिकाणी ठेवा, एक कॉलेजात, एक गावातल्या कुणाकडे.

शेवटी वही

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात. तास भरण्यासाठी आलेली मुलंही चालतात, त्यांना पुरवठा शाखेत रांगेत उभं करा, तास झपाट्याने भरतात. पण वही एकाच हाती राहू द्या. त्यात घर, माणसं, कार्डाचा प्रकार, अर्जाची तारीख, पोहोच क्रमांक, काय दिलं, पुढचं काम काय. नको ते लिहू नका, म्हणजे कुणाचा नवरा पितो वगैरे. कार्ड सुरू झालं की त्या नावापुढे तारीख टाका आणि पुढचे तीन महिने धान्य खरंच मिळतंय का बघा, मगच घर यादीतून काढा.

तिसऱ्या वर्षाची मुलं फेब्रुवारीत ही वही दुसऱ्या वर्षाच्या हातात देतात तेव्हा नुसती देऊन चालत नाही. दोघांनी मिळून यादीतल्या प्रत्येक घरी एकदा जायचं, जुन्याने नव्याची ओळख करून द्यायची : सेविका, दुकानदार, पुरवठा शाखेतले कारकून, आणि जिच्या घरी चहा प्यायचा ती आजी. खोलीची किल्ली, खात्याचं पासबुक आणि पिंपांची संख्या त्याच दिवशी मोजून, सही घेऊन द्या.